शाई लावणारे मास्तर

आमच्या मस्कतच्या मंडळात लकी ड्रॉ ही काही फार गंभीर बाब नव्हती. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाच्या तरी गोड मुलीला स्टेजवर बोलवायचं आणि 'दर वर्षी यांनाच कसा मिळतो मिक्सर' असं पुटपुटत जेवणाच्या रांगेत उभं राहायचं. त्या वर्षी महाराष्ट्र दिनाला डबा माझ्या हातात होता. मी चिठ्ठ्या ओतणार, एवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, बारीक कातरलेली पिकली दाढी.

"बाय, डबा आधी उलटा कर."

"अहो, रिकामाच आहे."

"तुला ठाऊक. त्यांना नाय ठाऊक."

लोकांपुढे वाद नको म्हणून मी डबा उलटा केला आणि वर एक थाप मारली. तळाला चिकटलेली गेल्या वर्षीची एक चिठ्ठी टपकन खाली पडली. तिच्यावर आमच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचं नाव. हॉलमध्ये असा काही हशा उसळला की माइक कुणाला ऐकू येईना. वहिनी बिचाऱ्या लाजून लाल झाल्या, त्यांचा काडीचा दोष नव्हता. तो गृहस्थ मात्र हसला नाही. त्यानं चिठ्ठी फाडून खिशात टाकली, डबा पुन्हा पुढच्या रांगेला आतून दाखवला, झाकण लावून दोरा बांधला आणि कागदाच्या पट्टीवर तीन जणांच्या सह्या घेतल्या. मिक्सरसाठी! "पेटी रिकामी दाखवल्याशिवाय भरायची नाय," एवढं मला सांगून तो मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

हे उस्मान मास्तर. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावाचे. राहायचे मस्कतमधल्या हमरियात, एका खोलीत चौघं. कामाला होते बांधकामाच्या सामानाच्या गोदामात, स्टोअरकीपर. बायको-मुलं गावी. मास्तर हे नाव त्यांना मस्कतनं दिलेलं नव्हतं, ते त्यांनी सोबत आणलं होतं. तरुणपणी ते गडचिरोलीकडे जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. कोकणातला माणूस तिकडे कुठे पोचला असं विचारलं की म्हणायचे, "नोकरी जिथं मिळाली तिथं गेलो. इथं तरी कोण हवा खायला आलंय?"

एकदा मी खोकी मागायला त्यांच्या गोदामात गेले होते. दारात ट्रक उभा होता आणि खुद्द मालक, म्हणजे तिथल्या भाषेत अर्बाब, घाईत होता. उंच, हसरा ओमानी माणूस. त्याला पाईप लगेच साइटवर पाठवायचे होते. मास्तरांनी पावतीपुस्तक पुढे केलं. अर्बाब म्हणाला, "मास्तर, माल माझा, गोदाम माझं, ट्रक माझा. यल्ला, खलास!" मास्तर अदबीनं म्हणाले, "खलास सही के बाद, अर्बाब." मला वाटलं, गेली यांची नोकरी. अर्बाबनं सही केली, वर माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तो गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, मालकाला कसला नियम दाखवता?" ते म्हणाले, "नियम हा गरिबाचा वकील असतो गो. मालकाला दाखवला नाय, तर उद्या माझ्या हमालासाठी तो बोलेल कसा?"

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण यापुढच्या गोष्टीत मूर्खपणा माझा आहे. मी मस्कतच्याच कुरुम भागात एका विमा कंपनीत नोकरी करत होते. पण पुण्यात कॉलेजात असताना एका एकांकिकेला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं होतं, आणि त्या पितळी बाहुलीवर मी वीस वर्षं जगत होते. आखातातल्या मराठी मंडळांची लघुपटांची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मला चेव चढला. विषय शोधत असताना कुणीतरी म्हणालं, मास्तरांना विचार, त्यांनी नक्षलवाद्यांच्या मुलखात निवडणूक घेतलीय.

विचारलं. मास्तरांनी फार आढेवेढे घेतले. शेवटी हमरियातल्या चहाच्या टपरीवर उभं राहून त्यांनी मोजक्या वाक्यांत सांगितलं. मतदानावर बहिष्कार होता. ज्याच्या बोटाला शाई दिसेल त्याचं बोट राहणार नाही, अशी धमकी गावोगाव पोचली होती. मास्तरांचं काम मतदारांच्या बोटाला शाई लावायचं. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग एक बाई आली. ती म्हणाली, मत देते, पण शाई नको. मास्तर इथं थांबले, चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "मग तिनं मत दिलं." आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

मला तेवढं पुरलं. घरी येऊन एका बैठकीत पटकथा लिहिली. शेवट तर डोळ्यांसमोर उभाच होता: तरुण मास्तर त्या बाईकडे बघतो, शाईच्या बाटलीला हळूच बूच लावतो, आणि ती कोऱ्या बोटानं मत देऊन जंगलात निघून जाते. वाचनाला सगळ्यांचे डोळे पाणावले. मास्तर त्या दिवशी ड्यूटीवर होते.

जंगल कुठून आणायचं हा प्रश्न होता. मस्कतला डोंगर आहेत, पण त्यांच्यावर गवताचं पातं शोधून काढावं लागतं. सलालाला मात्र उन्हाळ्यात तीन महिने धुकं आणि रिमझिम असते. तिकडे त्याला खरीफ म्हणतात. डोंगर असे हिरवे होतात की कोकणातल्या माणसाला गहिवरून येतं. ईदच्या सुट्टीत आम्ही दोन गाड्यांतून निघालो. हजार किलोमीटरचं वाळवंट, सपाट रस्ता, डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. कॅमेऱ्याला मिलिंद, जो एरवी पेट्रोलियम इंजिनिअर. बाईच्या भूमिकेत शिरोडकर वहिनी, ज्यांनी आयुष्यात कधी चूल फुंकली नव्हती, पण चेहरा असा की कॅमेऱ्यानं नजर हटवू नये. आणि तांत्रिक सल्लागार उस्मान मास्तर, मांडीवर शूटिंगच्या परवानगीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून.

मास्तरांनी आम्हाला पहिल्या दिवशी सळो की पळो करून सोडलं. मतदानाचा आडोसा आम्ही एसीच्या खोक्याचा केला होता. तो त्यांनी फिरवायला लावला, कारण मत देणाऱ्याचा हात खिडकीतून दिसत होता. "अहो, कॅमेऱ्यात खिडकी येतच नाहीये," मिलिंद म्हणाला. "कॅमेऱ्यात नसेल. मतदानात आहे." मतपेटीच्या दोऱ्याची गाठ त्यांनी चार वेळा सोडून बांधली. त्यात सलालाचे उंट! त्या हिरवाईत ते मोकाट हिंडतात. एकदा सगळं जमून आलं, वहिनींचे डोळे नेमके भरून आले, आणि त्यांच्या मागून एक उंट संथपणे गडचिरोलीच्या जंगलातून चालत गेला. मास्तर त्या दिवशी पोट धरून हसले. मी त्यांना तसं हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. मास्तर शाई कशी लावायची ते दाखवत होते. डाव्या हाताची तर्जनी, नख आणि कातडी जिथं मिळतात तिथं. मी म्हटलं, "मास्तर, ते फक्त आधीच्या, प्रशिक्षणाच्या दृश्यापुरतं. या बाईला शाई लावायचीच नाहीये. तो बाटली बंद करतो."

"कोण?"

"तुम्ही. म्हणजे सिनेमातले तुम्ही."

त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले. उभ्या उभ्या शेवटची दोन पानं वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, जसं ते कुरिअरची पावतीसुद्धा वाचायचे. मग कागद मला परत दिले.

"बाय, हे असं झालं नाय."

धुकं खाली उतरलं होतं आणि मिलिंदनं कॅमेऱ्यावर छत्री धरली होती. मास्तर मतदान अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी जे टपरीवर सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"लांबच्या एका गावात, तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात केंद्र होतं. ती आली तेव्हा पंधरा-वीस माणसं लांब झाडाखाली उभी होती, तिचं काय होतं ते बघायला. चाळिशीची असेल. मी बाटली उघडली तसा तिनं हात मागे घेतला. घरी दोन पोरं आहेत, म्हणाली, बोट गेलं तर कापणी कशी करू? मला थोडी गोंडी यायची, शाळेतल्या पोरांकडून शिकलो होतो. आमचे केंद्राध्यक्ष मोठे अनुभवी. ते म्हणाले, मास्तर, सोडा शाई, कुणाला कळणार आहे?"

"चांगला माणूस होता की," मी म्हटलं.

"त्यांच्यासमोर कोऱ्या मतपत्रिकांचा गठ्ठा होता. सकाळपासून दोनदा म्हणाले होते, आकडा इतका कमी दिसला तर वर काय सांगायचं? मला त्यांचा सूर कळला होता. एक बोट कोरं सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत तो गठ्ठा कोरा राहिला नसता, आम्हीच शिक्के मारून पेटीत टाकला असता. मत दिलेल्यांचीही बोटं कोरी, मग खोटं पकडणार कोण? सगळ्या गावानं मतदान केलं असतं, घरी बसून. तिचं एक मत खरं, आणि त्याच्यावर आमची खोटी. मग तिनं जीव धोक्यात घालून यायचं कशाला?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"तिला सांगितलं, शाईशिवाय मत नाय. परत जायचं तर जा, कुणी काही बोलणार नाय. ती उभी राहिली. लय वेळ उभी राहिली. मग तिनं हात पुढे केला." त्यांनी स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. "आणि मी लावली."

झाडाखालच्या माणसांपैकी पाच-सहा जण तिच्यामागे आले, उरलेले निघून गेले, असंही त्यांनी सांगितलं. उरलेल्या मतपत्रिका मोजून, पाकिटात घालून, मोहोर लावेपर्यंत ते त्या गठ्ठ्याजवळून हलले नाहीत. शिरोडकर वहिनींनी हळूच विचारलं, "आणि तिचं पुढे काय झालं?"

"माहीत नाय."

"म्हणजे?"

"गाव माझ्या शाळेपासून दिवसभराच्या चालीवर होतं. जाता आलं असतं. गेलो नाय. विचारता आलं असतं. विचारलं नाय. उत्तर काय येईल त्याची भीती वाटली. त्या उन्हाळ्यात चुलतभावानं इथला व्हिसा पाठवला आणि मी नोकरी सोडून आलो. लोकांना वाटतं पैशासाठी आलो."

माझ्यातली दिग्दर्शिका तेवढ्यातही जागी होती, हे सांगायला आज लाज वाटते. मी म्हटलं, "मास्तर, पण हे असं दाखवलं तर लोक तुम्हालाच दोष देतील. नियमावर बोट ठेवून एका गरीब बाईला मरणाच्या तोंडी दिलं म्हणतील. आपण सिनेमा करतोय. बाटली बंद केली असं दाखवलं तर कुणाला कळणार आहे?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. वर्गात हुशार समजलेल्या मुलीनं साधं गणित चुकवल्यावर शिक्षक बघतात तसं.

"केंद्राध्यक्ष हेच म्हणाले होते, बाय."

मी ती दोन पानं तिथंच फाडली. असं काही मी एरवी करत नाही, माझ्या अक्षरावर माझं फार प्रेम आहे. पण त्या क्षणी मला कळलं की बांधकामाच्या गोदामात पाईप मोजणारा हा माणूस मी आजवर पाहिलेल्या सगळ्या माणसांपेक्षा उंच आहे. आपल्याला फुकटात मिळालेला मोठेपणा त्यानं नाकारला होता, आणि त्या जागी जे ठेवलं होतं ते कुणीही घरात लपवून ठेवलं असतं. आम्ही प्रसंग घडला तसा चित्रित केला. वहिनींनी हात पुढे केला तो एका टेकमध्ये. मास्तर शाईची बाटली धरणाऱ्या नटाच्या मागे उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मी विचारलं नाही.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी 'शेवट निराशाजनक' असं लिहिलं. मंडळानं मात्र एका शुक्रवारी रुवीतल्या हॉलमध्ये खेळ ठेवला. दिवे लागल्यावर टाळ्या पडल्या, पण जराशा बिचकत. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. सज्जन माणूस, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाले, "फिल्म छान आहे, पण तुमचा तो शाईवाला माणूस मला दगड वाटला. अशा माणसाला हीरो कसं करता? त्या बाईचा जीव मोठा की नियम?"

मी माइक हातात घेऊन उत्तर जुळवत होते. दिग्दर्शकाला अशी उत्तरं येतात. संदिग्धता, दृष्टिकोन वगैरे. इतक्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तो मी आहे," मास्तर म्हणाले.

दीडशे माना मागे वळल्या. नाव फिल्ममध्ये कुठेच नव्हतं. ते गप्प बसले असते तर सलालाला गेलेली आम्ही सातआठ माणसं सोडून कुणालाही काही समजलं नसतं. त्यांच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती आणि आवाज गोदामात पावती मागताना असायचा तसाच होता. "तुम्ही म्हणता ते बरोबर असू शकतं, साहेब. जीव मोठा की नियम, मी तीस वर्षं हाच हिशेब करतोय. या दिग्दर्शक बाईंनी मला हीरो केलं होतं. मीच नको म्हटलं."

ते गृहस्थ ओशाळले. "तसं नव्हे हो... पण ती बाई? जगली का?"

"माहीत नाय."

"माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही?"

मास्तरांनी खुर्ची होती तिथं सरकवली आणि ते बसले. त्या रात्री मला झोप लागेना. एवढ्या लोकांसमोर, परक्या मुलखात, जिथं माणसाजवळ अब्रूखेरीज दुसरं फारसं काही नसतं, तिथं ही अशी कबुली द्यायची छाती कुठून येते, हे मला समजत नव्हतं. अजूनही नीटसं समजलेलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चात मास्तरांनी साठी गाठली आणि व्हिसा संपवून घेतला. अर्बाबनं आणखी दोन वर्षांचा आग्रह केला होता, तो मोडला. विमानतळावर आम्ही चौघं-पाचजण गेलो. खोक्याला दोरी बांधलेली, गाठ अर्थातच त्यांची. मी म्हटलं, "आता घरी आराम करा, मास्तर. नातवंडांना शिकवा." ते म्हणाले, "घरी आठ दिवसांनी पोचेन, इन्शाल्ला. आधी नागपूरचं तिकीट काढलंय." नागपूरहून पुढे गडचिरोली, हे समजायला मला जरा वेळ लागला. समजल्यावर मी त्यांच्या पाया पडले. "अगो, हे आमच्यात नाय," असं म्हणत ते मागे सरकले, पण हात माझ्या डोक्यावर ठेवला.

दहाएक दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, फोनवर त्यांचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे कोंबडे आणि कुणाचं तरी खोकणं. मी कुरुमच्या ऑफिसखाली गाडीत बसून, एसी बंद करून तो ऐकला. घामानं न्हाले, पण एकही शब्द सुटायला नको होता.

"बाय, उस्मान बोलतो. गाव सापडलं. रस्ता झालाय आता, बस जाते. ती आहे. अंगणात बसली होती, मोहाची फुलं वाळत घातली होती. मी सलाम करायच्या आधी तिचे हात बघितले. दहाच्या दहा आहेत गो. मी तिथं मातीतच बसलो. तिला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं, पाणी आणलं. मी सांगितलं, मी शाईवाला. तिनं मला ओळखलंच नाय. मतदान आठवतं म्हणाली, तू नाय आठवत. मी म्हटलं, माफी मागायला आलोय. कसली, म्हणाली. मी सगळं सांगितलं तशी ती हसायलाच लागली. म्हणाली, त्या दिवशी घरी जाताना वाटेतच बोटाला चिंधी बांधली. महिनाभर बांधून फिरली. जंगलातले दादालोक आले, विचारलं, तर म्हणाली, विळा लागला."

इथं मास्तरांनी नाक ओढलं आणि ते पुढे बोलू लागले.

"आणि ऐक. पुढच्या निवडणुकीला दुसरा कोण तरी माणूस आला होता. दयाळू होता म्हणे. बायकांना म्हणाला, तुम्हाला भीती असेल तर शाई राहू दे. तर ही पुढे झाली, आणि हात त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, लाव. मागच्या वेळी लावली होती, म्हणून माझं मत माझंच राहिलं. तिच्यामागे गावातल्या सगळ्या बाया उभ्या होत्या, बाय. प्रत्येकीच्या कमरेला चिंधी खोचलेली होती."